चहा सोडलेल्या माणसाची मुलगी

अंबड तालुक्यात रामरावांच्या घशाखालून जेवढा चहा गेला असेल तेवढा एखाद्या एसटी स्टँडवरच्या हॉटेलात वर्षभरात विकला जात नसेल. हे कुणी कुचकटपणानं म्हणत नसे; रामराव स्वतःच मोठ्या कौतुकानं सांगत. त्यांचा धंदाच तसा होता. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीचे ते ऑर्गनायझर. म्हणजे कंपनीला शेतकरी गाठून द्यायचे, शेतकऱ्याला कंपनीचं मूळ बियाणं पोचवायचं, आणि कपाशीच्या फुलांवर बायका हातानं क्रॉसिंग करतात ते नीट चाललंय का हे प्लॉटोप्लॉट हिंडून बघायचं. घरची शेती होती, पण ती बायकोच्या, नंदाबाईंच्या जिवावर. रामराव सकाळी मोटारसायकलला किक मारायचे ते दिवेलागणीलाच परत. आणि दारात आलेल्या माणसाला चहा न पाजता वाटेला लावणं ही आपल्याकडं वैऱ्याशीसुद्धा करायची गोष्ट नाही. त्यामुळं दिवसाकाठी दहा घरं झाली तर दहा कप झाले, आणि घरी आल्यावर नंदाबाईंच्या हातचा अकरावा. तो खरा, असं ते म्हणायचे. बाकीचे नुसते कामाचे.

या माणसानं चहा सोडला. दोन वर्षं होत आली. ज्या मुलीसाठी सोडला, त्या साधनाची ही गोष्ट.

साधना पंचवीस वर्षांची. बदनापूरला शेतकी कॉलेजात शिकली आणि अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्याच, ओळखीनं एमआयडीसीत एका बियाणं प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. तिचं काम उगवणीचं. बियाणं ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं, ठरल्या दिवशी उलगडायचं, किती उगवलं आणि किती नाही ते सांगायचं. काम तिला आवडे. वाईट काहीच नव्हतं. वाईट असतं तर बरं झालं असतं, कारण मग इथून का निघायचं याचं उत्तर सोपं होतं.

झालं असं की नोकरीच्या पहिल्याच वर्षी कारखान्यात मोठी बैठक भरली. पुण्याहून माणसं आली होती. साधनाला भिंतीला लागून एक खुर्ची मिळाली, आणि कामही मिळालं: प्रोजेक्टरची वायर सारखी निसटत होती, ती धरून बसायचं. पुण्याच्या माणसांत एक मुलगी होती, साधनाच्याच वयाची, फार तर वर्षानं मोठी. मोठे साहेब बोलत असताना ती मध्येच म्हणाली, “सर, मला हे पटत नाही.” साधनानं वायर घट्ट धरली. आता हिची काही धडगत नाही, असं तिला वाटलं. साहेबांनी मात्र पेन काढलं आणि ती पुढं जे बोलली ते लिहून घेतलं. ती मुलगी बरोबर होती की चूक, हे साधनाला आजही माहीत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत तिनं तिला गाठलं आणि विचारलं, तुम्ही काय शिकलात. ती म्हणाली, एमबीए. आणि त्यासाठी कॅट नावाची परीक्षा द्यावी लागते.

वायर धरणाऱ्या बाजूनं टेबलाच्या बाजूला जायचं, एवढीच साधनाची इच्छा होती. ती तिनं घरी सांगितली, आणि तिथून ती एकटीची राहिली नाही.

रामराव हरखले. परीक्षेला महिना-दोन महिने होते तेव्हा ते मायलेकींना घेऊन जांब समर्थला गेले. तिथं रामाच्या मंदिरात हात जोडून उभे असताना ते साधनाकडं वळून म्हणाले, “आवडीचं कायतरी सोडल्याबिगर देवाला खरं वाटत न्हाई.” आणि मग मोठ्यानं, शेजारच्या चार भाविकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, “रामराया, पोरीचा नंबर लागंपोतर मी चहाला शिवनार न्हाई.”

साधनाला हसू आलं. परीक्षा नोव्हेंबरात, निकाल पौषात. दोन-अडीच महिने अण्णांची तलफ मरेल, तब्येतीलाही बरंच. नंदाबाई मात्र नवऱ्याकडं बघत राहिल्या. सोबतीचा माणूस न विचारता एखादी गोष्ट ठरवून मोकळा होतो तेव्हा बायका बघतात, तसं.

निकाल लागला. साधना मोबाईल हातात घेऊन ओसरीवर बसली होती.

“पास किती मार्काला असतंय?” रामरावांनी विचारलं.

“पास-नापास नसतं अण्णा यात. आपल्या खाली किती पोरं आहेत, तेवढंच सांगतात.”

“किती हायेत मंग?”

“शंभरातली एकाहत्तर.”

“चांगलंच हाय की. एकाहत्तर पोरं खाली टाकली म्हंजे काय कमी झालं?”

“वरची एकोणतीस जागा घेऊन बसतात ना.”

रामरावांनी जरा वेळ विचार केला. “मंग नंबर लागला आसं म्हनायचं कवा?”

याचं उत्तर साधनाला देता आलं नाही, आणि तिथं सगळं घोडं अडलं. लोक नवस बोलतात त्या गोष्टींना काही शेवट असतो. लग्न जमतं नाही तर मोडतं, विहिरीला पाणी लागतं नाही तर खडक लागतो. बारावी असती तर रामरावांचा चहा मेच्या अखेरीस पुन्हा सुरू झाला असता. ते नवस बोलले तो अशा परीक्षेवर, की जिच्यात कुणी पासच होत नाही, आणि डोक्यावरचे केस पांढरे होईपर्यंत जी पुन्हा पुन्हा देता येते. हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम साधनाचं होतं, आणि ती तेव्हा हसत होती.

दुसऱ्या वर्षी चौऱ्याऐंशी पोरं खाली गेली. पुण्याच्या एका कॉलेजातून बोलावणंही आलं. रामरावांच्या चेहऱ्यावर असं काही ऊन पडलं की नंदाबाईंनी न सांगता गॅसवर पातेलं ठेवलं. “लागला की मंग नंबर!” ते म्हणाले. साधनानं त्या कॉलेजची चौकशी केली होती. तिथून निघालेली मुलं साधारण तिच्याइतक्याच पगारावर, तिच्यासारख्याच खुर्च्यांवर बसलेली होती. ती म्हणाली, “अण्णा, हे कॉलेज बरं नाही.” रामराव म्हणाले, “तू म्हनतीस तर नसंल.” नंदाबाईंनी पातेलं उतरवलं. ‘हो’ म्हणाली असती तर त्या संध्याकाळी अण्णांना चहा मिळाला असता, ही गोष्ट साधना विसरू शकली नाही.

आणि विसरायला गाव देईल तर ना. रामरावांनी चहा सोडला म्हणजे घरात बसून सोडला नव्हता, हिंडता हिंडता सोडला होता. प्रत्येक दारात तोच खेळ. चहा पुढं यायचा, रामराव हात जोडायचे. शुगर निघाली का हो? न्हाई न्हाई, पोरीसाठी सोडलाय. मग पोरीचं काय, हे सांगावं लागायचं. कशाची परीक्षा, कलेक्टरची का? न्हाई, कंपनी चालवायची. अशा रीतीनं साधनाची परीक्षा अंबडपासून जालन्यापर्यंतच्या एकूण एक वस्तीवर पोचली. चहा नाही तर नाही, पण पाहुण्याला कोरडा कसा पाठवायचा म्हणून जो तो रामरावांना दूध द्यायला लागला. दुधावरची साय त्यांना लहानपणापासून बघवत नसे. दोन वर्षांत त्यांनी डोळे मिटून इतकं दूध प्यायलं की पँटा बदलाव्या लागल्या. लोक हसायचे, तेही हसायचे. पण संध्याकाळी घरी आले की ओसरीवर बसून त्यांची बोटं मांडीवर काही न करता हलत राहायची. पूर्वी त्या वेळी त्यांच्या हातात अकरावा कप असे.

लग्नाकार्यात बायका साधनाला धरायच्या. “काय गं, बापाला चहा कवा पाजतीस?” सगळ्या एकच वाक्य बोलायच्या, मायेनंच बोलायच्या. साधना हसून पुढं जायची. घरी तीही चहा घेत नसे. अण्णांसमोर कप धरायची लाज वाटे. कारखान्यात मात्र तीन वेळा घ्यायची, आणि दर वेळी तो जरा चोरून घेतल्यासारखा लागायचा.

आता तिसरं वर्ष. सप्टेंबर सुरू होता, परीक्षेची नोंदणी पुढच्या आठवड्यात बंद होणार होती, आणि नेमकं त्याच वेळी रजनीमॅडमनी साधनाला आत बोलावलं. रजनीमॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. जालन्यातच वाढलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सरळ सांगितलं की उगवण विभाग सांभाळायला माणूस नेमायचा आहे आणि त्यांच्या मनात साधना आहे.

“पण ही जागा घेतलीस तर दोन-तीन वर्षं इथंच राहायचं,” त्या म्हणाल्या. “ज्याचा एक पाय बाहेर आहे त्याला मी ही जागा देणार नाही, आणि त्यात तुझ्यावर राग नाही. विचार कर आणि सोमवारी सांग.”

साधनानं विचार केला म्हणजे डोक्याचा भुगा केला. जागा चांगली होती. पुन्हा परीक्षा द्यायची तर गणिताची भीती नव्हती. गणितात ती पुण्या-मुंबईच्या पोरांना ऐकत नव्हती. घोडं पेंड खायचं ते इंग्रजी उताऱ्यांपाशी. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढं शेतकी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. गेल्या वेळी कुठल्या तरी संग्रहालयांविषयी एक उतारा आला होता. तिनं तो तीन वेळा वाचला, प्रत्येक शब्द कळला, आणि लिहिणाऱ्याचं म्हणणं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण पहिल्या वर्षी तर शब्दही कळले नव्हते. पोहऱ्यात थोडं येत होतं, हेही खरं होतं.

म्हणजे द्यावी? इथपर्यंत आली की तिच्या डोळ्यांपुढं उतारा नाही, अण्णांची मांडीवरची बोटं यायची. परीक्षा द्यायची इच्छा होते ती टेबलासाठी की त्या बोटांसाठी, हेच तिला कळेना. आणि नको वाटते ती उताऱ्यांमुळं की पुन्हा वर्षभर दूध पिणाऱ्या बापाकडं बघावं लागेल म्हणून, तेही कळेना. स्वतःच्या मनात काय आहे ते बघायला जावं तर दारातच बाप बसलेला. त्या दिवसांत तिला रामरावांचा राग यायचा, आणि राग आल्याची लाज वाटायची.

शनिवारी सुट्टी होती. रामराव म्हणाले, “चल माझ्यासंगं, बसून काय करतीस?” आणि ती त्यांच्या गाडीवर बसून प्लॉटवर गेली. कपाशी कमरेच्या वर आली होती. बायका ओळीत वाकून फुलांचं काम करत होत्या. त्यांच्यात सगळ्यांत म्हाताऱ्या सगुणाबाई. साधना फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून त्या रामरावांच्या प्लॉटवर येत. त्यांनी मान वर केली, साधनाला बघितलं आणि ठरलेलं वाक्य बोलल्या. पण पुढं आणखी एक बोलल्या.

“बाई, मी आता किती दिवसांची? तुझ्या बापाला माझ्या घरी चहा पेताना बघायचं राह्यलंय बघ. दूध देऊन देऊन माझी शेळी आटली.”

बायका खळखळून हसल्या. रामराव सगळ्यांत मोठ्यानं हसले. साधनाही हसली, आणि लगेच गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

परत येताना ती मागून म्हणाली, “अण्णा, मी यंदा नाही बसत परीक्षेला. मॅडम जागा देत आहेत, ती घेते.”

रामरावांनी गाडी थांबवली नाही, वेगही कमी केला नाही. “बरं,” ते म्हणाले. “तुझं तुला बराबर कळतंय.”

“आणि चहा?”

“त्याचं काय. सुटला मंग. जल्माचा सुटला.”

यात ना राग होता ना टोमणा. एखाद्यानं ‘उद्या बाजार आहे’ म्हणावं तसं ते म्हणाले. ओरडले असते तर साधनालाही ओरडता आलं असतं. गाडी घराशी लागली, ती उतरली आणि अंगणातच त्यांच्यासमोर उभी राहिली.

“अण्णा, आज चहा घ्या. आत्ता. मग मी बसायचं की नाही ते ठरवते.”

“काय बोलून राह्यली तू? देवापुढं बोललेलं हाय. मोडलं तर तुझंच वाटोळं व्हायचं.”

“आणि नाही मोडलं तर मी बसणारच नाही. बिलकुल नाही.”

रामराव हँडल धरून उभे राहिले. चहा घ्यावा तर नवस मोडून पोरीच्या नशिबाला धोका, न घ्यावा तर पोरगी परीक्षेलाच बसत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ते गाडी लावून आत गेले. बाप तशी लेक. रात्रीचं जेवण दोघांनी भिंतीकडं बघत केलं, आणि नंदाबाई दोघांना वाढत राहिल्या.

रविवारी दुपारी रामराव कुठंतरी निघून गेले. साधनाचं डोकं ठणकत होतं. घरात दोघीच होत्या, तेव्हा तिनं स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, “आई, कर ना अर्धा-अर्धा कप. अण्णा नाहीत तोवर.”

नंदाबाई उठल्या. पातेलं ठेवलं, पाणी टाकलं आणि पत्तीचा डबा हातात घेऊन थांबल्या. “तुझ्यापुरती पत्ती किती टाकू गं? आजकाल पाव्हने आले तर चार-पाच जनांचाच करते. येवढ्याशा पान्याचा अंदाज ऱ्हायला न्हाई.”

“अगं, तू तुझ्यासाठी करतेस तेवढीच दोघींची कर.”

“मी कुठं पेते आता.”

साधनाला आधी कळलंच नाही. ती धरूनच चालली होती की आपण कारखान्यात घेतो तशी आई घरी कुणी नसताना घेत असणार. “कधीपासून?” तिनं विचारलं.

“तुझ्या अण्णानं सोडला तवापासून.”

“तू पण नवस बोललीस?”

“मी कशाला नवस बोलू?” नंदाबाईंनी अंदाजानं पत्ती टाकली. “पयले दोन दिवस घेतला की. हे समोर बसलेले, कपाकडं बघून राह्यलेले. माझ्या गळ्याखाली उतरंना. मंग म्हनलं जाऊ दे, कशाला उगं. सवय झाली आता.”

साधना ओट्याला टेकून खाली बसली. अण्णांनी चहा सोडला हे सगुणाबाईंच्या शेळीलासुद्धा माहीत होतं. त्याच घरात, त्याच दिवसांपासून, आणखी एका माणसानं चहा सोडला होता, आणि ते तालुक्यात कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. हिला कुणी दूध दिलं नव्हतं. तिला रडू आलं आणि ते तिनं अडवलं नाही.

“रडायला काय झालं? चहाच हाय तो.”

“आई, तू बोलली का नाहीस?”

“माझं कोन इचारायला आल्तं?” नंदाबाईंनी चहा गाळला, कप तिच्या हातात दिला आणि समोर बसल्या. मग म्हणाल्या, “मी एक इचारू? तुला जायचं हाय का?”

“कुठं?”

“त्या शिकायला. तुझ्या अण्णाचं सोड, त्या मॅडमचं सोड. तुला जायचं हाय का?”

दोन वर्षांत साधनाला शंभर माणसांनी शंभर गोष्टी विचारल्या होत्या. हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं चहाचा एक घोट घेतला, मग आणखी एक. नंदाबाईंनी ते बघितलं. “ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “दारात गर्दी असल्यावर घरातलं दिसत न्हाई.” आणि भाजी निवडायला घेतली.

संध्याकाळी रामराव आले, हातपाय धुऊन ओसरीवर टेकले. नंदाबाई बाहेर आल्या त्या तीन कप घेऊन. एक साधनापुढं ठेवला, एक स्वतःपुढं, एक नवऱ्यापुढं.

“हे काय लावलंय?” रामराव म्हणाले. “पोरगी तर पोरगी, आता तू बी?”

“मी बी दोन वर्सं झाली पेले न्हाई. आज पेनार हाय.”

रामराव हसले. “तू कशाला सोडशील?”

रामरावांनी साधनाकडं बघितलं. तिनं ‘खरं आहे’ म्हणून मान हलवली. त्यांचं हसू हळूहळू उतरत गेलं. ते बायकोकडं असे बघत राहिले की जणू ती दोन वर्षांनी गावाहून आली आहे. तालुक्यातल्या कुठल्या घरात कोण आजारी, कुणाची म्हैस व्याली, सगळं या माणसाला तोंडपाठ. स्वतःच्या चुलीपुढचं तेवढं राहून गेलं होतं.

“मला सांगायचं न्हाई का?”

“तुमी मला सांगून सोडला होता का?” नंदाबाई शांतपणे म्हणाल्या. “पोरीला इचारून सोडला होता का? सोडायचं तुमी, लोकांचं ऐकायचं तिनं, उपाशी मी. आन् रामराय वरून बघतोय की ह्ये कुटुंब माझ्या नावानं काय करून राह्यलंय. तुमी घेतल्याबिगर मी घेनार न्हाई. निवून जाईल ते वेगळंच.”

रामरावांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. ते साधनाला म्हणाले, “उद्या जांबला जाऊन नारळ फोडीन, माफी मागीन. पर परीक्षेत काय कमीजास्ती झालं, तर ते माझ्या डोक्यावर.”

“नाही अण्णा,” साधना म्हणाली. “ते माझ्याच डोक्यावर राहू द्या. आता तुम्ही त्यात नाही.”

त्यांना ते लागलं. तिला दिसलं की लागलं, पण तिनं ते मागं घेतलं नाही. रामरावांनी कप उचलला, डोळे मिटून एक घोट घेतला, आणि थांबले.

“साखर लई झाली,” ते म्हणाले.

“तुमचीच आवड,” नंदाबाई म्हणाल्या आणि आपला कप उचलला.

त्या संध्याकाळी घर हलकं झालं. रामराव दोनदा उठून पाणी प्यायले, कारण दोन वर्षांनी घेतलेल्या चहानं त्यांच्या छातीत जळजळत होतं. साधना लवकर झोपली. सकाळी जालन्याच्या बसमध्ये बसली तेव्हा तिच्या डोक्यात काही नव्हतं, आणि ते तिला इतकं छान वाटलं की एमआयडीसी येईपर्यंत सगळं ठरूनच गेलं. जागा घ्यायची. अण्णांचा चहा सुरू झाला, आईचाही झाला, आता कुणासाठी काही करायचं राहिलं नव्हतं. विभाग सांभाळायचा, संध्याकाळी घरी यायचं, सगळ्यांनी मिळून चहा घ्यायचा. यात वाईट काहीच नव्हतं.

रजनीमॅडमनी तिला बसायला सांगितलं. “मग, ठरलं?”

“हो मॅडम,” साधना म्हणाली. “मी नोव्हेंबरात परीक्षा देणार आहे.”

बोलून झाल्यावर तिनं स्वतःचं वाक्य ऐकलं. बसमध्ये ठरवलेलं ते हे नव्हतं. पण ते मागं घ्यावंसं तिला वाटेना.

रजनीमॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तालुक्याला माहीत होतं ते त्यांनाही माहीत होतं. “वडिलांच्या चहासाठी?”

“नाही. त्यांनी काल घेतला.”

“मग तू कशाला बसतेस?”

“मला जायचंय म्हणून,” साधना म्हणाली. हे ती आजवर कुणापुढं बोलली नव्हती, स्वतःपुढंही नाही. तिनं ते पुन्हा सांगितलं. “मला जायचंय मॅडम.”

रजनीमॅडमनी मान डोलावली. मग म्हणाल्या, “ठीक आहे. जागेसाठी मी दुसरं कुणी बघते,” आणि चष्मा लावून कामाला लागल्या.

साधना बाहेर आली, प्रयोगशाळेत जाऊन आपल्या जागेवर बसली, आणि तेव्हा तिला भीती वाटायला लागली. आतापर्यंत ती कमी पडायची तेव्हा तिच्याबरोबर बाप दूध प्यायचा, गाव हळहळायचं, आणि आपण दुसऱ्यांपायी रखडलो असं म्हणायची तिला सोय होती. आज तिनं हातची जागा घालवली होती, आणि सबबही. यंदा नंबर लागला नाही तर कुणाचा चहा अडणार नव्हता. जे काही होईल ते तिचं एकटीचं होणार होतं, कारण मागितलं होतं तिनं.